दुसऱ्याचं घड्याळ

“घड्याळ बदलून दिलंत ना तुम्ही? मग जुन्याचंही बिल कसं लावता?” वैजयंती फोनवर कडाडली.

तिच्या सासऱ्यांना, अण्णांना, अलीकडे घरचा रस्ता आठवेनासा झाला होता. म्हणून तर ते कुठे आहेत हे मोबाइलवर दाखवणारं घड्याळ दरमहा पैसे भरायच्या बोलीवर घेतलं होतं. काच फुटली, कंपनीने नवं पाठवलं आणि मोबाइलवर आता त्या नव्याचाच ठावठिकाणा दिसू लागला. जुनं परत न्यायला मात्र कुणी फिरकलं नाही. त्यात कालपासून मनगटावरच्या नव्या घड्याळाबद्दल अण्णांचा एकच हेका: “हे माझं नाही, सूनबाई. ज्याचं आहे त्याला देऊन टाक.”

“मॅडम, जुनं अजून चालू आहे, म्हणून बिल येतंय,” पलीकडची मुलगी म्हणाली. “कायमचं बंद करू?”

“करा की! ड्रॉवरमध्ये पडलंय ते.”

“ड्रॉवरमध्ये? इथे तर ते पुढे पुढे सरकताना दिसतंय. कालव्याच्या रस्त्याने.”

वैजयंतीने ड्रॉवर ओढला. आत अण्णांचा रुमाल होता, आणि त्यात जपून गुंडाळलेलं नवं घड्याळ. बाहेरचं दार नुसतंच लोटलेलं.

“करतेय हं बंद, मॅडम…”

“नको!” चप्पल न घालताच जिना उतरत ती ओरडली. “दोन्ही बिलं लावा. फक्त फोन ठेवू नका, बाई. ते कुठे वळतायत तेवढं मला सांगत राहा.”