दोन रांगांमधून

चार दिवसांच्या सामन्याच्या शेवटच्या सकाळी ओडिशाचा सलामीवीर विभूती सामल सीमारेषा ओलांडून आत आला आणि गोंधळलाच. समोर झारखंडचे सगळे खेळाडू दोन रांगा करून उभे होते. टोप्या हातात, टाळ्या चालू.

मैदानात सगळ्यांच्या आधी पाय टाकायचा, ही त्याची जुनी खोड. पंच हरिहर पंडा दोरीपाशी कुणाशी तरी बोलत रेंगाळले, तसा त्यांना वळसा घालून तो पुढे निघाला होता. जोडीदार लिपुन अजून मागे हातमोजेच चढवत होता.

अशा रांगा कुणासाठी करतात, हे कटकच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जो कायमचा चालला, त्याच्यासाठी. पण विभूती कुठे चालला होता? उलट रोज सकाळी उठून तो पेपरात भारतीय संघात कोण जखमी झालं तेच आधी बघायचा. तीन एकदिवसीय सामने खेळून बाहेर पडला, त्याला सात वर्षं झाली होती. पण आशा काही सुटत नव्हती. या हंगामात तर धावाही चिक्कार झाल्या होत्या.

तो मान खाली घालून रांगांमधून गेला. एकदोघं त्याच्याकडे बघून हसले. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

तो गार्ड घेत असताना यष्टिरक्षक कुजूर हळूच म्हणाला, "शेवटचा दिवस. वाईट वाटतं ना, दादा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"घ्या! सगळ्यांना माहीत आहे. इतकी वर्षं उन्हात एका जागी उभं राहायचं म्हणजे खायचं काम नाही."

विभूतीची फलंदाजी संथ, हे जगजाहीर होतं. टोमणा त्याला बरोबर लागला. पुढचाच चेंडू त्याने गोलंदाजाच्या डोक्यावरून भिरकावला.

दोन षटकांनंतर त्याने लिपुनला गाठलं. "आपल्या लोकांत काही शिजतंय का रे?"

"कसलं, भाईना?"

"काही नाही. तू खेळ."

सरळ विचारायचं तरी कसं? मला नारळ देताय का, असं कुणी तोंडाने विचारतं का? आणि समोरून हो आलं तर उरलेला दिवस कुठल्या तोंडाने खेळायचं?

जेवणाच्या सुट्टीत बायको ममता जाळीपलीकडे उभी दिसली. अंगावर ठेवणीतली संबलपुरी साडी. सामन्याला ती कधी फिरकत नसे.

"तू कशी काय इथे?"

"असोसिएशनच्या सेक्रेटरीबाबूंचा फोन आला होता. संध्याकाळी चहापान आहे, सगळ्यांनी घरच्यांसकट यायचं. शाल-श्रीफळही आहे म्हणे."

"शाल कुणाला?"

"मी नाही विचारलं. तुलाच असेल की! आपल्या घरात दुसरं कोण खेळतं?"

म्हणजे ठरलंच होतं तर. नारळ द्यायचा, तोही शालीसकट! ताटातला आलूदम तसाच राहिला. प्रशिक्षक महांतीसर शेजारी येऊन बसले.

"झकास चाललंय. असाच मन लावून खेळ. बघायला माणसं आलीत."

"सर, मला काही सांगायचंय का तुम्हाला?"

महांतीसरांनी इकडेतिकडे पाहिलं. "संध्याकाळी कळेल. आत्ता डोक्यात काही आणू नकोस."

डोक्यात मात्र दुसरं काही राहिलंच नाही. मागच्या वेळी भारतीय संघातून काढलं, तेव्हा त्याला ते टीव्हीवर कळलं होतं. सासऱ्यांच्या घरी, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत. कुणी एक फोनसुद्धा केला नव्हता. तो अपमान आठवला की अजून त्याचे कान तापायचे.

दुपारी त्याचं शतक झालं. प्रेक्षक उभे राहिले, पंडाबाबूंनी डोळे पुसले. त्यांनाही माहीत आहे, विभूतीच्या मनात आलं. त्या क्षणी त्याचा राग ओसरला आणि भरून आलं. एवढी माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत. जायचंच असेल तर याहून बरा दिवस कुठला? या वेळी आपणच आधी बोलायचं. ढकलून द्यायची संधी कुणाला द्यायचीच नाही.

विजयी धाव त्यानेच काढली. बक्षीस समारंभात सामनावीर म्हणून सेक्रेटरीबाबूंनी माईक त्याच्या हातात दिला. समोर पत्रकार होते, कॅमेरे होते, ममता होती.

"ओडिशाने मला सगळं दिलं," तो म्हणाला. "आज मी सगळ्या प्रकारच्या क्रिकेटमधून निवृत्त होतोय. शब्द मागे घेणारा मी नाही. सकाळी तुम्ही जो मान दिलात, तो जन्मभर विसरणार नाही."

टाळ्या वाजल्याच नाहीत. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. महांतीसरांनी कपाळाला हात लावला. मागच्या रांगेतले एक गृहस्थ फोन कानाला लावून घाईघाईने बाहेर गेले. थोड्या वेळाने ते परत आले आणि विभूतीपाशी थांबले. राष्ट्रीय निवड समितीतले बरारसाहेब होते ते.

"न्यूझीलंड दौऱ्यासाठी सलामीवीर हवा होता. दुपारीच तुझं नाव पक्कं केलं होतं मी. जाहीर तेवढं व्हायचं होतं."

विभूतीने विचारलं, "आणि आता?"

"आता काय? इतक्या लोकांसमोर बोललास. दुसऱ्याचं नाव कळवलं." त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते निघून गेले.

विभूती तिथेच खुर्चीत बसला. शेजारी पंडाबाबू येऊन टेकले. अंगावर इस्त्रीचा कोट, मागे बायको, सुना, नातवंडं, सगळा गोतावळा.

"तूही आजच सोडतोयस, हे बोलला नाहीस कधी," ते म्हणाले. "सकाळी झारखंडच्या पोरांनी माझ्यासाठी रांगा केल्या आणि तू माझ्या आधीच ऐटीत आत घुसलास. पोरं हसायला लागली. मी म्हटलं, हसू नका रे, घाईत आहे तो, त्याला अजून पुष्कळ खेळायचंय."