नव्या मॉडेलचं चाक

हेमलतानं मोटारसायकल ढकलत आणून बळवंत मेस्त्रीच्या गॅरेजसमोर उभी केली. पुढचं चाक तिनं हातानं हलवून दाखवलं.

"माझ्या जुन्या गाडीला नव्या मॉडेलचं चाक बसवलंत. त्याचं भोक मोठं पडलं, तर एक्सलच्या दांड्याला पत्रा गुंडाळलात. सकाळी घाटाच्या उतारावर हँडल थरथरलं आणि मागे बसलेली आई पडली. मनगट मोडलंय तिचं."

"जुनी चाकं मिळत नाहीत, ताई. अशी कितीतरी बसवलीत मी. जरा हळू चालवायची," मेस्त्री वर न बघताच म्हणाला.

हेमलताची कानशिलं तापली. तेवढ्यात मेस्त्रीची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. हेमलतानं गाडीची किल्ली मेस्त्रीपुढे धरली. "वहिनींना मागे बसवा आणि घाट उतरून दाखवा. हळूच चालवा. मग मी एक शब्द बोलणार नाही."

वहिनींना वाटलं, थट्टा चाललीय. त्या हसत गाडीवर बसायला गेल्या, तसा मेस्त्रीनं धावत येऊन त्यांचा दंड धरला.

"बसू नकोस तिच्यावर."

मग तो चाक काढायला बसला. हेमलताचा राग मात्र आणखीच भडकला. याला सगळं आधीपासून ठाऊक होतं.