चार नंबरचा साचा

त्रिंबक मास्तरांनी खिशातलं पेन काढलं आणि वाइंडिंग खात्यातले सूत गुंडाळायचे सहाही साचे बंद करायला लावले. केसांवर कापूस घेऊन सहा बाया भिंतीवरच्या तक्त्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. तक्त्याच्या वर ‘बोलणं कमी, काम जास्त’ अशी पाटी होती. आणीबाणीत लागली होती. आणीबाणी उठली, सोलापूरच्या या गिरणीतली पाटी कुणी उतरवली नाही.

तक्ता बायांनीच भरलेला होता. सुताच्या दहा तारा तुटल्या की आपल्या साच्याच्या नंबरासमोर एक तांबडा ठिपका. त्यासाठी तांबडी पेन्सिल सुतळीनं खिळ्याला बांधलेली. मुंबईहून आलेला एक माणूस तीन दिवस हे शिकवून गेला होता. मास्तर पहिल्या दिवशी चहापुरते बसले आणि उठून गेले. तक्ता वाचायला बायांनी शिकायचं होतं.

आता मास्तरांच्या हातात त्यांच्यातल्या अक्कम्माला कामावरून कमी करायचा कागद होता. नवी पेठेतून टाइप करून आणलेला. सही तेवढी राहिली होती.

“पहिला आठवडा,” मास्तरांनी तक्त्यावर बोट टेकवलं. “सगळ्यांना दहा-दहा ठिपके. हे कसं काय?”

“वाटून घेतलं की,” सोजरबाई म्हणाली. “अक्कम्माचं लई व्हत व्हतं. एकटीच्या डोस्क्यावर कशाला?”

“ठिपके म्हणजे भाकरी आहे काय गं, वाटून खायला?”

बाया हसल्या. अक्कम्मा हसली नाही.

“चुकलंच आमचं,” सोजरबाई म्हणाली. “म्हणून दुसऱ्या आठवड्याला खरं लिवलं.”

“हे बघा मग खरं. चार नंबर, अक्कम्मा, पस्तीस ठिपके. बाकी सगळ्या पाच-सहावर. डोळे गेलेत बाईचे. मी माझ्या मनानं बोलतोय काय? तुमचाच तक्ता बोलतोय.”

“मग पुरता वाचा की, मास्तर. तिसरा आठवडा ऱ्हायला.”

“त्यात काय आहे?”

“मुकादम जाबराला सांगून आमी जागा बदलल्या. चारवर मी. अक्कम्मा माज्या दोनवर.”

मास्तरांनी चष्मा वर केला. दोन नंबरसमोर सहा ठिपके. चार नंबरसमोर अडतीस.

मग कागद भिंतीला लावून त्यांनी अक्कम्माचं नाव खोडलं. अक्कम्मानं पदर तोंडाला लावला.

“सोजरबाई,” मास्तर कागदावरून नजर न काढता म्हणाले, “तुझं पूर्ण नाव सांग.”



“लिवा,” सोजरबाई म्हणाली. “सोजर येडू कांबळे. पर खाली जागा लई सोडा.”

“कशाला?”

“उद्या चारवर मी हाय,” मथुराबाई म्हणाली.

“परवा मी,” मागून ईरम्मा.

अक्कम्मा पुढं आली. खिळ्याची तांबडी पेन्सिल तिनं हातात घेतली, टोक नखानं तपासलं.

“तेरवा तुमी चालवा, मास्तर,” ती म्हणाली. “ठिपके मी लावते.”