पुढचं पान

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी आजींना विसर पडायला लागला. शिंपी आजोबा रोज मशीन बंद करून नातीच्या पुस्तकातलं एकच पान त्यांना वाचून दाखवत : ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. आजी रोज नव्याने हरखायच्या, “अगं बाई, तीन! आणि आपली एकावरच बोळवण!”

सोमवारी मात्र त्या वैतागल्या. “अहो, रोज तेच काय वाचताय? पाठ झालं मला. पान उलटा की!”

“तुझ्या आईला आठवलं गं!” आजोबांनी लेकीला फोनवर ओरडूनच सांगितलं. मग पान उलटलं. जिराफ होता.

“तो उद्या वाचा,” आजी म्हणाल्या. “आज दमले.”


मंगळवारी सकाळी आजी गेल्या.