सायखेड्याचा वेढा

धम्मपाल सरांच्या फौजेनं नदी ओलांडली, तेव्हा विमलाबाई शेजारी बसून मेथी निवडत होत्या.

"पडलं का आणखी एक?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"पडलं." सरांनी माऊस बाजूला सरकवला. "आता एकच उरलं. सायखेडा."

खेळातल्या त्या शहराला हे नाव संजनानं दिलं होतं. लहानपणी ती आणि सर याच टेबलाशी, एकाच खुर्चीत अर्धे अर्धे बसून हा खेळ खेळायचे. आधी एकाची खेळी, मग दुसऱ्याची. शहरं वसवायची, फौजा उभारायच्या आणि एकमेकांचा मुलूख मारायचा. संजना पहिलं शहर नेहमी नदीकाठी वसवायची आणि त्याला सायखेडा म्हणायची, कारण ते सरांचं गाव. सर गंगापूर रोडच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. मुलगी झाली म्हणून मुद्दाम हरणं त्यांना मान्य नव्हतं.

आता ती पुण्यात होती आणि बापाशी बोलत नव्हती.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती नांदगावहून, सासरहून, एक पिशवी घेऊन परत आली होती. "मला तिथं राहायचं नाही," एवढंच म्हणाली. दंडावरचे वळ विमलाबाईंनी पाहिले, सरांनीही पाहिले. तरी आठवडा उलटायच्या आत सर स्वतः तिला नांदगावला सोडून आले. लोक काय म्हणतील, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. "होईल सगळं नीट," असं म्हटलं. पुढं एके दिवशी ती तिथून परस्पर पुण्याला गेली आणि नोकरीला लागली. आईला फोन करायची. बापाचं नाव निघालं की ठेवून द्यायची.

दिवाळीत सरांनी तिला खेळाचं आमंत्रण पाठवलं. सोबत शब्दही लिहिला नाही. तिनं ते स्वीकारलं, नदीकाठ शोधला आणि सायखेडा वसवलं. त्या संध्याकाळी सर स्वतः जाऊन जिलबी घेऊन आले. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

तेव्हापासून चहा झाला की ते आपली खेळी करत आणि कॉम्प्युटर बंद करत. दुसऱ्या दिवशी उघडावा, तर तिची खेळी होऊन गेलेली असे.

खेळात निरोप लिहायला जागा होती. ती रिकामीच राहिली. सर वाट बघून कंटाळले आणि त्यांनी चढाई केली. पहिलं शहर घेतलं तेव्हा वाटलं, आता चिडून तरी काही लिहील. काही आलं नाही. मग त्यांनी दुसरं घेतलं. तिनं तट वाढवले, एका घाटात त्यांचं घोडदळ कापून काढलं, आणि सरांना त्या दिवशी फार बरं वाटलं. पोरगी तशीच होती, हट्टी.

"अहो, माझ्या फोनवरून बोला ना तिच्याशी," विमलाबाई म्हणाल्या. "उचलेल ती. माझा आहे म्हणून उचलेल."

"ती बोलतेच आहे की. रोज खेळते."

"हे बोलणं झालं का?"

"मनातून उतरलेल्या माणसाशी कोणी रोज खेळतं का, विमल?"

विमलाबाईंनी निवडलेली मेथी गोळा केली. "शाळेत पोरांना कलिंगाचं युद्ध शिकवत होता तुम्ही," असं म्हणून त्या आत गेल्या.

सरांनी सायखेड्याला वेढा घातला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला, तर पडद्यावर तिचा दूत तह मागत उभा होता. तिजोरीतलं सगळं सोनं, उरलेले घोडे, सगळं घ्या, तह करा. इतक्या महिन्यांत तिनं काही मागितलं ते हेच. सर बराच वेळ ते वाचत बसले. नांदगावला गाडीतून उतरताना संजनानं त्यांची बाही धरली होती. "पप्पा, नका ना," म्हणाली होती. त्यांनी बाही सोडवून घेतली होती.

त्यांनी सोनं घेतलं नाही. वेढा उठवला.

मग ते रोज एकेक शहर तिला परत देत गेले. ती घेत गेली. तिची संपली तेव्हा त्यांनी स्वतःची द्यायला सुरुवात केली. तीही तिनं घेतली. सर जेवताना दोन शब्द जास्त बोलू लागले. ती आली तर कुठं झोपेल, असं एकदा विचारून गेले आणि मागच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला.

शेवटी त्यांच्याकडे राजधानी तेवढी उरली. त्या दिवशी त्यांनी विमलाबाईंना शेजारी बोलावलं आणि निरोपाच्या जागेत एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'संजू, तुझे वळ मी पाहिले होते. तरी तुला नेऊन सोडलं. चूक माझी होती. मी हरलो.'

विमलाबाईंनी ते दोनदा वाचलं. पदरानं डोळे पुसले.

"पाठवा," त्या म्हणाल्या.

सरांनी निरोप पाठवला आणि शरणागतीचं बटण दाबलं.

पडद्यावर संजनाचा झेंडा वर चढला. मग सगळ्या मोहिमेचा इतिहास तारखेनुसार सरकू लागला. सर चष्मा सावरून पुढे झुकले. त्यांनी तिचं पहिलं शहर घेतलं होतं, त्या तारखेपुढे बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: खेळाडू कायमची बाहेर पडली आहे, यापुढे तिच्या जागी कॉम्प्युटर खेळेल.