अर्धं बोट

अण्णांनी सदरा अंगात घातला, बगलेखाली दोन बोटांची चिमूट भरली आणि सुनेकडे पाहिलं.

"माप जागेवर आहे," ते म्हणाले. "हातमागाचं सूत, सूनबाई. जितकं धुवावं तितकं मऊ, पण अंगाशी बेइमानी नाही."

"मग, शिवलाय कुणी?" सून म्हणाली. आजचा दिवस निभावला.

चाळीस वर्षं अण्णांनी गावभराचे सदरे शिवले होते. दुकान बंद करताना उरलेल्या पांढऱ्या ताग्यातून स्वतःसाठी पाच शिवले; तेच आलटूनपालटून घालायचे. गेल्या चार महिन्यांत मात्र अंगावरचं मांस झडत चाललं होतं. डॉक्टरांनी काय ते मुलाला सांगितलं, मुलाने बायकोला, आणि गोष्ट तिथेच थांबली.

"अण्णांना कळता कामा नये," नवरा म्हणाला होता. "काकांना सांगितलं, तर पंधरा दिवसांत गेले. हेही खचतील." आणि न्हाणीत जाऊन, नळ सोडून तोच रडला होता.

शिंप्यापासून आजार लपवता येईल. ढगळ सदरा कसा लपवणार? म्हणून ती दर महिन्याला पाचही सदऱ्यांची बाजूची शिवण उसवायची आणि अर्धं बोट आत घ्यायची. मशीनचा आवाज होतो, म्हणून हाताने. घरचं सगळं आवरून वर हे. मान मोडून यायची, एका सुईच्या दोन दिसायच्या. बरं, सांगणार कुणाला? चोरीच ती.

अण्णा दुपारी झोपायचे, एवढं एक बरं होतं. दुकानात चाळीस वर्षं दिवसा पाठ टेकली नव्हती त्यांनी. आता बरोबर दोनला भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. "तासभर मला उठवू नका," म्हणायचे. आजारच तो, दुसरं काय.

उशाशी मात्र निळ्या खडूचा तुकडा असायचाच. बोटं निळी, चादर निळी.

"अण्णा, आता कशाला तो खडू? चादरी मलाच धुवाव्या लागतात."

"असू दे गं. हाताला चाळा." मग जरा वेळ तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "दमलीस तू. डोळे बघ कसे झालेत."

"उन्हाने झालेत."

"बाळ्या लवकर येतो ना हल्ली?" बाळ्या म्हणजे तिचा नवरा, पन्नाशीला टेकलेला.

"येतात की. तुमच्यासाठीच."

"लहानपणापासून हळवाच तो," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

तिने त्यांच्याच कपाटातून धुतलेला, घडी घातलेला सदरा काढला आणि पलीकडच्या खोलीत येऊन बसली. आज तिला अगदी नको झालं होतं. तिची शिवण आधीच वाकडी. नवी नवरी असताना अण्णा चेष्टा करायचे, "सूनबाई, टाके घालतेस की मुंग्या सोडतेस?" हल्ली त्यांना नीट दिसत नसावं, म्हणूनच खपतंय, असं तिला वाटायचं.

तिने सदरा उलटा केला.

तिच्या वाकड्या शिवणीच्या बरोबर अर्धं बोट आत, काखेपासून खालपर्यंत, निळ्या खडूची सरळ रेघ आखलेली होती. तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "यावरून शिव. बाळ्याला कळू देऊ नकोस, खचेल तो."