कमरेला बांधलेल्या बाटल्या

पाणीखात्याच्या साहेबांनी पाणी तपासायची, काळी झालेली बाटली टेबलावरून नर्सबाईंकडे परत सरकवली, तीही पेन्सिलीच्या टोकाने.

"दोन दिवस पोटाशी बांधून ठेवली म्हणता. मग काळी होईल नाही तर काय? अंगाचा घाम, मळ. आमची बघा."

त्यांनी लोखंडी कपाट उघडून आपली बाटली दाखवली. त्याच गल्लीच्या नळाचं पाणी, तेवढीच मुदत. तळातल्या औषधाने पिवळट झालेलं पाणी, होतं तसंच; जंतू वाढले तरच ते काळं पडतं. कागदावर 'पिण्यास योग्य' लिहूनही झालं होतं.

नर्सबाईंनी कपाटात हात घालून पाहिला. गारठलेलं लोखंड बोटांना चावलं.

"या थंडीत माणसं आखडतात, साहेब, जंतूंचं काय घेऊन बसलात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ऊब मिळाली तरच ते तोंड दाखवतात."

ऊब देणारं दवाखान्यातलं यंत्र तीन महिने बंद होतं, म्हणून तर बाटली पोटाशी. पण साहेबांनी फाइल मिटली. पाणी शुद्ध, तेव्हा खोदकाम नाही. आणि गटारातून गेलेला तो फुटका पाइप बदलल्याशिवाय गल्लीतल्या अकरा पोरांचे जुलाब थांबणार नव्हते. शिवणवालीची धाकटी तर सलाइनवर होती.

नर्सबाईंनी वाद घातला नाही. संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या नऊ बायका गोळा केल्या, प्रत्येकीला तसल्याच दोन बाटल्या दिल्या. एकीत नळाचं पाणी तसंच, दुसरीत तेच उकळून निववलेलं. दोन्ही एका फडक्यात, एकाच पोटाशी. काम करतानाच काय, झोपतानाही सोडायच्या नाहीत.

इस्त्रीवालीच्या सासूने सगळ्यांच्या कमरा निरखून विचारलं, गल्लीला एकदमच दिवस गेलेत की काय. कुशीवर वळता येत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दोघी कुरकुरल्या. दोन दिवसांचा नेम आहे, मोडायचा नाही, एवढंच नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःही जोडी बांधली होती. शिवणवाली तर पोटावर गाठ मारूनच लेकीच्या उशाशी बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी तिने लेकीजवळ बहिणीला बसवलं आणि नर्सबाई धरून दहावी म्हणून रांगेत येऊन उभी राहिली.

साहेबांच्या टेबलासमोर शाली बाजूला झाल्या, गाठी सुटल्या. फाइलींच्या मधून जागा करत बाटल्या मांडल्या गेल्या. एक काळी, एक पिवळट. एक काळी, एक पिवळट. दहा जोड्या. काचेला अजून ऊब होती.

साहेबांनी पेन्सिलीच्या टोकाने एक काळी बाटली जरा मागे सरकवली. मग म्हणाले, "घाम लागला की..."

"अंग एकच होतं, साहेब," नर्सबाई म्हणाल्या. "फडकंही एकच."

साहेबांनी चष्मा पुसला. हे असं ग्राह्य धरता येत नाही, वरच्या ऑफिसला लिहावं लागेल, पुन्हा तपासणी होईल, महिना तरी जाईल, असं बरंच काही ते सांगत राहिले. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तपासायलाच हवं," त्या म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून कोरी बाटली काढली. कोपऱ्यातल्या नळाखाली, ज्याच्यावर साहेबांचा तांब्या भरला जायचा, ती खुणेपर्यंत भरली, झाकण पिळून घट्ट लावलं आणि 'पिण्यास योग्य' लिहिलेल्या कागदावर आणून ठेवली. शेजारी धुतलेल्या फडक्याची घडी.

"तुमचा नळही त्याच पाइपावरचा. दोन दिवस. आम्ही बाहेर बाकावर आहोत."

बायका एकेक करून बाहेर जाऊन बसल्या. शिवणवाली तेवढी दारात थांबली. साहेबांच्या सुटलेल्या पोटाचं माप तिने नजरेनेच घेतलं.

"गाठ जरा घट्ट मारा, साहेब," ती म्हणाली. "खुर्चीत बसलं की सरकते."